रुंद चवड्यासाठी सायकलचे बूट निवडताना

सायकलवर तास-दीड तास झाला की बोटांना मुंग्या येतात, करंगळीची बाजू ठणकते, चवड्याखाली आग होते, आणि उतरून बूट काढले की पाचच मिनिटांत सगळं ठीक. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढायला येणाऱ्या नव्या मुलामुलींकडून मी हे सतत ऐकते. "ताई, बोटं मुकी होऊन राह्यली," म्हणत कुणी घाटातल्या कठड्यावर बसून बूट सोडतं. कुणी आपल्यातच दम नाही असं समजून पुढच्या रविवारपासून यायचंच बंद करतं, आणि याचं मला फार वाईट वाटतं. बहुतेक वेळा कारण साधं असतं. पाय रुंद, बूट अरुंद. हे दुरुस्त होतं, आणि त्यासाठी दुकानातले सगळ्यात महाग बूट लागत नाहीत. कोरा कागद, शिवणकामाची टेप आणि थोडा धीर लागतो.

रुंद पाय हा विकार नाही, हे आधी मनात पक्कं करा. आपल्याकडे बहुतेकांचं लहानपण अनवाणी किंवा चपलेत गेलेलं असतं. अंगणात, धुऱ्यावर, शाळेच्या वाटेवर बोटं मोकळी पसरली आणि चवडा तसाच वाढला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बेल्जियमच्या संशोधकांनी भारतातल्या कायम अनवाणी चालणाऱ्या लोकांचे पाय मोजले होते. ते बूट वापरणाऱ्यांच्या पायांपेक्षा रुंद निघाले, शिवाय चालताना तळव्यावरचा दाबही जास्त सारखा पसरलेला आढळला. पुढे चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभरातल्या एक लाखाहून जास्त लोकांचे पाय मोजले. त्यातही भारतीय पाय युरोप-अमेरिकेतल्या पायांपेक्षा साधारणपणे रुंद असल्याचंच दिसलं. रोड सायकलिंगचे बूट मात्र युरोपातल्या शर्यतींसाठी घडत गेले, त्यामुळे त्यांचं कलबूतच, म्हणजे ज्यावर बूट बेततात तो पायाच्या आकाराचा साचा, अरुंद आणि पुढे निमुळतं असतं.

साध्या कॅनव्हासच्या बुटात पाय फुगला तर कापड सैल होतं आणि रबरी तळ वाकतो. सायकलच्या बुटाचा तळ मुद्दाम ताठ केलेला असतो, नायलॉनचा किंवा कार्बनचा, म्हणजे पायाचा जोर वाया न जाता पेडलवर उतरतो. मिनिटाला ८५ फेरे धरले तर तासाला ५१०० वेळा चवड्याच्या त्याच जागी दाब येतो. चवड्यात पाच लांब हाडं असतात आणि त्यांच्या मधून बोटांकडे नसा जातात. दोन्ही बाजूंनी बूट आवळला की त्या नसा हाडांच्या मध्ये चेंगरतात. मुंग्या येतात त्या यामुळे.

असे बूट आत्ताच हवेत का?

पेडलला अडकणारे बूट घेतल्याशिवाय खरा सायकलस्वार होता येत नाही, असं नव्या लोकांना कुणीतरी सांगून ठेवलेलं असतं. ते खरं नाही. तालुक्याच्या कॉलेजला जाणं, शेतावर चक्कर, सकाळची २५-३० किलोमीटरची फेरी, यासाठी रुंद सपाट पेडल आणि जरा कडक तळाचे साधे बूट उत्तम चालतात. पाय मोकळे राहतात, पैसेही वाचतात. पेडलला अडकणारे बूट बाजारात काही हजारांपासून पंचवीस-तीस हजारांपर्यंत आणि त्याहून महागही आहेत, तेव्हा गरज नसताना घाई करू नका.

तीन-चार तास सलग पेडल मारायला लागलात, घाट चढायला लागलात, किंवा नागपूर-अमरावतीकडे होणाऱ्या ब्रेव्हेमध्ये, म्हणजे ठरलेल्या मुदतीत लांबचं अंतर कापायच्या सायकल फेरीत, उतरायचं मनात आलं, तर मात्र विचार करा. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला साडेतेरा तासांची मुदत असते. एवढा वेळ पाय पेडलवर एकाच जागी नीट बसून राहिला तर गुडघ्याला आणि पोटरीला खरंच आराम मिळतो. एकाच अटीवर, बूट मापाचा असला तर.

पाय मोजणं : याला पूर्ण संध्याकाळ द्या

सगळ्या लेखातलं एकच काम करायचं ठरवलं तर हे करा. दुकानदार विचारतो, "कितीचा नंबर?" आपण चपलेचा नंबर सांगतो, आणि गडबड तिथेच होते. चपलेला रुंदी सांगावी लागत नाही, बोटं बाहेर पसरली तरी चालतं.

मोजमाप संध्याकाळी घ्या, दिवसभर उभं राहून, चालून झाल्यावर. त्या वेळी पाय सकाळपेक्षा फुगलेला असतो. शक्य असेल तर सायकल चालवून आल्यावरच मोजा. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा पाय जितका फुगतो तितका डिसेंबरच्या थंडीत फुगत नाही. हिवाळ्यात बूट घेत असाल तर ही जागा आठवणीने धरा. सायकलवर जे मोजे घालणार आहात तेच मोजे मोजताना घाला.

फरशीवर कागद ठेवा, त्याची कड भिंतीला भिडवा, टाच भिंतीला टेकवून सरळ उभे राहा. दोन्ही पायांवर सारखं वजन हवं. बसून मोजलं तर चवडा पसरत नाही आणि माप कमी भरतं. आता घरातल्या कुणाला तरी पायाभोवती पेन्सिलीने रेघ मारायला सांगा. स्वतः वाकून मारू नका, वाकलं की वजन सरकतं. पेन्सिल उभी धरायची. आत तिरकी गेली तर माप काही मिलिमीटरने चुकतं, आणि बुटात काही मिलिमीटर म्हणजे सगळंच.

मग चार मापं लिहा. भिंतीपासून सर्वात लांब बोटाच्या टोकापर्यंत लांबी. हे बोट दरवेळी अंगठाच असेल असं नाही, अनेकांचं शेजारचं बोट लांब असतं. अंगठ्याच्या मुळाशी जे हाड बाहेर येतं तिथपासून करंगळीच्या मुळाच्या हाडापर्यंत रुंदी. ही रेघ जरा तिरकी येते, तिरकीच मोजा. त्याच दोन हाडांवरून टेप गुंडाळून चवड्याचा घेर. आणि लेस बांधतो त्या उंचवट्यावरून पायाच्या मध्याचा घेर. हे सगळं दोन्ही पायांचं, मिलिमीटरमध्ये. बहुतेकांचा एक पाय थोडा मोठा असतो. बूट मोठ्या पायाच्या मापाने घ्यायचा. लहान पायाच्या बुटात आतली गादी जाड घालून भरून काढता येतं, मोठा पाय लहान बुटात बसवता येत नाही.

माझा ठोकताळा असा आहे : रुंदी लांबीच्या ४० टक्क्यांच्या पुढे गेली की साध्या रुंदीच्या बुटांकडे बघतच बसायचं नाही. लांबी २६० मि.मी. असेल तर ४० टक्के म्हणजे १०४. तुमची रुंदी १०७ आली तर सरळ वाइड लिहिलेले बूट शोधा. १०२ आली तर कंपनीचा तक्ता बघून ठरवा, कारण एका कंपनीचा साधा बूट दुसरीच्या वाइडइतका ऐसपैस असू शकतो.

रुंदीसाठी इंग्रजी अक्षरं वापरतात. पुरुषांच्या बुटात डी ही साधारण रुंदी, तिथून ई, डबल ई असं वाढत जातं. बायकांच्या बुटात मात्र साधारण रुंदी बी धरतात, म्हणजे अजून अरुंद. शेतात-घरात उभ्याने काम करणाऱ्या आपल्या बायकांचे पाय त्या बुटात कसे मावणार? मी स्वतः पुरुषांच्या विभागातलेच बूट घेते आणि येणाऱ्या मुलींनाही तेच सुचवते. माप आपलं असलं म्हणजे झालं, खोक्यावर कुणाचं चित्र आहे याने काही बिघडत नाही.

तुमचा पाय कुठे रुंद आहे?

मापं हातात आली की रेघेकडे नीट बघा, कारण सगळे रुंद पाय सारखे नसतात.

काहींचा फक्त चवडा रुंद असतो, टाच बारीकच. हा प्रकार आपल्याकडे खूप दिसतो. अशांना सगळीकडून सैल बूट दिला तर टाच वर-खाली होते आणि मागे फोड येतो. त्यांना पुढे ऐसपैस आणि टाचेला घट्ट बसणारा बूट हवा. काहींची बोटंच पंख्यासारखी पसरलेली असतात. त्यांना बुटाचं टोक गोलसर लागतं, निमुळतं टोक करंगळीवर घट्टा पाडतं. काहींची रुंदी बेताची, पण पायाचा वरचा उंचवटा मोठा. त्यांचा पाय बुटात शिरतो, पण पट्टा लावला की वरून शीर दाबली जाते. त्यांनी रुंदीपेक्षा बुटाची आतली उंची बघावी. गिरो कंपनीच्या काही बुटांवर एचव्ही अशी खूण असते, ती अशा पायांसाठी. अंगठ्याच्या मुळाचं हाड बाहेर आलेलं असेल तर त्या जागी शिवण किंवा कडक पट्टी येत नाही ना, हे बोट फिरवून तपासा.

नंबर वाढवून रुंदी मिळत नाही

बूट घट्ट झाला की एक नंबर मोठा द्या, हे आपल्या तोंडी बसलेलं वाक्य. सायकलच्या बुटाला ते लावू नका. युरोपीय मापात एक नंबर म्हणजे लांबीत ६.६७ मि.मी. दोन नंबर वाढवले की बूट १३ मि.मी.हून जास्त लांब होतो, रुंदी मात्र त्या मानाने थोडीच वाढते. दुखणं तसंच राहतं आणि वर नवीन त्रास सुरू होतात. बुटाची सर्वात रुंद जागा तुमच्या चवड्याच्या पुढे सरकते. टाच मागे टेकलेली असते आणि क्लीट, म्हणजे पेडलमध्ये अडकणारा तुकडा, लावायची तळाची भोकं लांब बुटात पुढे गेलेली असतात, त्यामुळे जोर चवड्यावर न येता बोटांवर येतो आणि घाटात पोटरी भरून येते. कमानीचा आधार चुकीच्या जागी टोचतो. छोट्या सायकलवर तर वळताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला घासतं.

लांबी लांबीच्या मापाने आणि रुंदी रुंदीच्या मापाने घ्यायची. एकाची भरपाई दुसऱ्याने करायची नाही. आमच्या गटातल्या एका शिक्षकांचे बूट असे मापापेक्षा लांब होते. त्यांनी पायाच्याच लांबीचा, पण खराखुरा वाइड बूट घेतला, आणि गुडघ्याचं जे दुखणं ते वयावर ढकलत होते तेही कमी झालं.

तळाला तीन भोकं की दोन

बुटाच्या तळाला क्लीट लावतात आणि ती पेडलमध्ये अडकते. रोडच्या बुटाला तीन बोल्टची, मोठी, प्लॅस्टिकची क्लीट असते. ही पद्धत फ्रान्सच्या लुक कंपनीने १९८४ साली आणली आणि पुढच्याच वर्षी सायकलपटू बर्नार्ड इनो याने ती पेडलं वापरून टूर द फ्रान्स ही शर्यत जिंकली. दुसरी पद्धत दोन बोल्टची. जपानच्या शिमानो कंपनीने १९९० मध्ये डोंगरातल्या सायकलसाठी एसपीडी आणली, त्यात क्लीट छोटी, लोखंडी आणि तळाच्या खाचेत बसलेली असते.

गावाकडे सायकल चालवणाऱ्याने पहिला जोड दोन बोल्टचाच घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. तीन बोल्टच्या बुटाने चालता येत नाही, टाचेवर बदकासारखं डुलत जावं लागतं. चहाच्या टपरीपर्यंत, पंक्चर झालं तर पुढच्या फाट्यापर्यंत, पूल खचलेला असला तर नाल्यातून सायकल उचलून, आपल्याकडे चालावं लागतंच. त्यात आपली काळी माती. पावसाळ्यात एकदा रस्त्याखाली उतरलात की ती प्लॅस्टिकच्या क्लीटमध्ये अशी भरते की काडीने कोरल्याशिवाय पाय पेडलला लागत नाही. दोन बोल्टच्या बुटाला तळाला रबराची नक्षी असते आणि क्लीट आत असते, त्यामुळे चालताना ती झिजतही नाही. रुंद पायवाल्यांना अजून एक फायदा आहे. डोंगरी आणि ग्रॅव्हल, म्हणजे कच्च्या रस्त्यासाठीचे बूट बऱ्याचदा पुढून गोलसर असतात. रोड सायकलला एसपीडी पेडल लावायला काहीच अडचण नाही, आटे तेच असतात. एका बाजूला सपाट आणि दुसऱ्या बाजूला एसपीडी अशीही पेडलं मिळतात, शिमानोचं ईएच ५०० हे त्यातलं. बाजाराला चपलेवर जा, रविवारी बूट घालून घाट चढा.

गुळगुळीत रस्त्यावर लांबचं अंतर जोरात कापणाऱ्याला तीन बोल्टची मोठी क्लीट आवडते, कारण दाब जास्त जागेवर पसरतो. तो जोड दुसरा असू द्या. घेतलाच तर शिमानोची पिवळी क्लीट निवडा. तिच्यात पाय डावी-उजवीकडे वळायला ६ अंशांची मोकळीक असते, निळीत २ आणि लालमध्ये अजिबात नाही.

पट्टा, लेस की चकती

रुंद पायासाठी लेस मला सर्वात जास्त आवडते. जिथे हाड दाबलं जातं तिथलं एक भोक सोडून लेस ओवली की दाब लगेच उतरतो. तुटली तर आठवडी बाजारात दुसरी मिळते. तोटा एवढाच की चालत्या सायकलवर सैल करता येत नाही, आणि लोंबणारं टोक साखळीत जाऊ नये म्हणून खोचून ठेवावं लागतं.

वेल्क्रोचे तीन पट्टे असलेला बूट नवख्यासाठी स्वस्त आणि चांगला. पुढचा पट्टा ढिला, मधला बेताचा, वरचा घट्ट, असं तीन ठिकाणी वेगवेगळं जुळवता येतं. मात्र आपल्याकडच्या कुसळांनी वेल्क्रो लवकर भरतो. दात घासायच्या जुन्या ब्रशने तो झाडत राहा, नाहीतर पकड सुटते. बोआ कंपनीची चकती फिरवली की बारीक तार बूट आवळते, ती सोयीची आहे, एका हाताने फिरवून चालता चालता सैल होते. पण एकच चकती असली तर पूर्ण पाय एकसारखा आवळला जातो. रुंद चवड्याला दोन चकत्या हव्यात, म्हणजे पुढचा भाग वेगळा सोडता येईल. चकतीचे भाग तालुक्याला मिळत नाहीत, मागवावे लागतात, हेही लक्षात ठेवा.

कुठे शोधायचे

वाइड बूट बनवणाऱ्या कंपन्या मोजक्या आहेत. लेक (Lake) कंपनीकडे रुंदीचे वेगवेगळे पर्याय असतात. बॉन्टकडे वाइड आणि डबल वाइड आहेत, आणि त्यांचा तळ ठरावीक तापमानाला गरम करून पायाला जुळवता येतो. शिमानोच्या काही मॉडेलमध्ये वाइड वेगळा येतो, सिडीमध्ये मेगा नावाने, फिझिकमध्येही काही बूट वाइड मिळतात. सगळेच भारतात दुकानात ठेवलेले नसतात. आपल्यासाठी जवळचं ठिकाण म्हणजे नागपूर. तिथलं डेकॅथलॉन आणि सायकलची मोठी दुकानं गाठता आली तर आधी तिथेच पाय घालून बघा, घेतलं नाही तरी अंदाज येतो. जाताना पायाची रेघ असलेला कागद बरोबर घ्या आणि संध्याकाळी जा. सकाळच्या एसटीने जाऊन दुपारी बाराला घातलेला बूट रात्री घट्ट वाटू शकतो.

दुकानात बुटातली गादी बाहेर काढून जमिनीवर ठेवा आणि तिच्यावर वजन देऊन उभे राहा. चवडा गादीच्या कडेबाहेर दोन्हीकडून लोंबत असेल तर तो बूट परत ठेवा. वरचं कापड कितीही मऊ असलं तरी खालचा ताठ तळ रुंदावत नाही, आणि पाय त्याच्या कडेवर चेपत राहणार. ही तपासणी मी कुठल्याही जाहिरातीपेक्षा जास्त मानते.

ऑनलाइन मागवणार असाल तर नंबर बघून मागवू नका, मिलिमीटरचा तक्ता उघडा. एका कंपनीचा ४२ दुसऱ्या कंपनीच्या ४२ इतका नसतो. बूट परत घेतात का, तुमच्या पिनकोडवरून परत न्यायला माणूस येतो का, की तुम्हालाच तालुक्याच्या कुरिअर ऑफिसात नेऊन द्यावा लागेल, हे पैसे भरण्याआधी विचारा. खेड्यात यावरच सगळं अडतं.

घरी आल्यावर

खोकं, कागद, चिठ्ठ्या काहीही फेकू नका. बूट घराबाहेर घालू नका. सतरंजीवर घालून अर्धा तास ठेवा, पाच मिनिटांत काही कळत नाही. सायकल खांबाला टेकवून बसा आणि पेडल उलटी फिरवत राहा.

सर्वात लांब बोटाच्या पुढे साधारण ५ ते १० मि.मी. जागा हवी. बोटं आत वर-खाली हलायला हवीत. करंगळी आणि अंगठा बाजूला टेकलेले चालतील, दाबलेले नकोत. टाच चालताना किंचित उचलली जाते, कारण तळ वाकत नाही, पण पेडल मारताना ती जागेवर राहायला हवी. पट्टे सगळे ओढूनही सैल वाटला तर बूट मोठा आहे. पट्टे अगदी टोकावर कसेबसे लागत असतील तर आतून कमी उंचीचा आहे. अर्ध्या तासाने बूट काढा आणि पायाकडे बघा. लाल वळ उठले असतील तर "वापरून सैल होईल" असं म्हणू नका. चामडं थोडं सैल होतं, विणलेलं कापडही थोडं ताणतं, पण बहुतेक बुटांचं वरचं आवरण कृत्रिम असतं आणि ते वर्षभरातही फारसं सोडत नाही.

चामड्याचा बूट एखाद्या ठिकाणीच टोचत असेल तर गावातल्या मोचीकाकांकडे न्या. लाकडी कलबूत घालून, ती जागा नेमकी ओलावून दोन-तीन दिवसांत ते थोडी फुगवून देतात, काही मिलिमीटर सहज मिळतात. कुठे टोचतं तिथे खडूने खूण करून न्या. कार्बन किंवा चिकटवलेल्या तळाच्या बुटावर गरम पाणी, हेअर ड्रायर असले प्रयोग मात्र करू नका. कंपनीने गरम करून जुळवायला सांगितलं असेल तरच, आणि त्यांनी दिलेल्या तापमानालाच.

क्लीट कुठे बसवायची

बूट बरोबर असूनही क्लीट चुकली तर चवडा जळतोच. बूट घालून अंगठ्याच्या मुळाचं हाड आणि करंगळीच्या मुळाचं हाड बोटाने चाचपा, दोन्हीच्या जागा बुटाच्या कडेला पेन्सिलीने टिपा. क्लीटचा मध्य या दोन खुणांच्या मध्ये यायला हवा. रुंद पायवाल्यांनी सुरुवातीलाच थोडी मागे, म्हणजे टाचेकडे घ्यावी. नसांवरचा दाब कमी होतो आणि पोटरीही कमी दुखते.

रुंद बूट कधीकधी क्रॅंकला, म्हणजे पेडल ज्याला जोडलेलं असतं त्या दांडीला, घासतो. मग क्लीट बुटाच्या आतल्या कडेकडे, सायकलच्या बाजूला सरकवा. तसं केलं की पाय बाहेर जातो. तेवढ्याने भागलं नाही तर जरा लांब दांड्याची पेडलं मिळतात. बोल्टला थोडं ग्रीस लावून ४ मि.मी.च्या ॲलन चावीने घट्ट करा आणि पहिल्या फेरीनंतर पुन्हा एकदा आवळा.

पहिले काही आठवडे

पेडलची पकड सर्वात ढिली ठेवा. भिंतीला हात लावून एकेक पाय अडकवणं-सोडवणं इतकं करा की विचार न करता टाच बाहेर वळली पाहिजे. मगच रस्त्यावर. गावात शिरताना, बैलगाडी किंवा शेळ्यांचा कळप दिसला की एक पाय आधीच सोडवून ठेवायचा. पडण्याची वेळ बहुधा थांबतानाच येते.

सुरुवातीला पट्टे वाटतं त्यापेक्षा सैल बांधा. पाय आत असल्यावर पहिल्या अर्ध्या तासात फुगतोच, तेव्हा एकदा थांबून पुन्हा सैल करा. मोजे पातळ आणि लवकर वाळणारे घ्या. आपल्या कापसाच्या मुलखात हे सांगणं जिवावर येतं, पण जाड सुती मोजा घाम धरून ठेवतो, बुटातली जागा खातो आणि ओल्या कातडीवर फोड आणतो.

एवढं करूनही मुंग्या थांबल्या नाहीत तर क्लीट अजून दोन-तीन मि.मी. मागे घ्या. मग चवड्याच्या जरा मागे, कमानीच्या सुरुवातीला बसणारी छोटी गादी लावून बघा, ती हाडांमध्ये जागा करून देते. तरीही तिसऱ्या-चौथ्या बोटाच्या मध्ये चमक येत असेल, सायकल नसतानाही बोटं बधिर राहत असतील, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. मधुमेह असलेल्यांनी विशेष जपावं. त्यांना फोड झालेला कळत नाही, म्हणून फेरीनंतर दररोज तळवा, बोटांची बेचकी उजेडात बघायची, दिसत नसेल तर घरच्यांना बघायला सांगायचं.

बूट टिकवणं

मे महिन्यात बूट ओट्यावर उन्हात वाळत ठेवू नका, तळाचा डिंक सुटतो. पावसात भिजले तर गादी बाहेर काढा, आत रद्दी पेपरचे बोळे कोंबा आणि रात्रीतून एकदा बदला, सावलीत सकाळपर्यंत वाळतात. सकाळी घालण्याआधी उलटे करून जोरात आपटा. अंधाऱ्या, ओलसर बुटात विंचू बसतो, ही आपल्याकडची रोजची गोष्ट आहे.

क्लीट झिजली की पाय पेडलमध्ये लटपटतो किंवा अचानक सुटतो. शिमानोच्या रोड क्लीटच्या कोपऱ्यांना रंगीत भाग असतात, ते झिजून गेले की बदलायची. बदलताना जुनी क्लीट काढण्याआधी तिच्याभोवती मार्करने रेघ मारून घ्या, म्हणजे नवी बरोबर त्याच जागी बसते.